रहाडीचे दोनशे फोटो एकदम छोटे कसे करायचे

रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे नाशिकच्या रंगाच्या पाण्याच्या हौदात, उड्या मारतानाचे फोटो काढलेत ना, मग ते ६००० बाय ४००० पिक्सेलचे तसेच टाकू नका, समोरच्याला उघडता उघडत नाहीत. विंडोजवर इरफानव्ह्यू (IrfanView) हा फोटो बघायचा प्रोग्राम फुकट आहे, तो उघडून कीबोर्डवर B दाबा, बॅचची म्हणजे एकदम खूप फोटो बदलायची खिडकी येते, फोटो ॲड करा, ॲडव्हान्स्डमध्ये लाँग साईड (लांब बाजू) १६०० पिक्सेल टाका म्हणजे उभे आडवे सगळे नीट बसतात, जेपीजी क्वालिटी ८० ठेवा. आणि आउटपुट फोल्डर वेगळा द्या, हे प्लीज विसरू नका, माझे रामकुंडावरचे ओरिजिनल असेच ओव्हरराईट झाले, अजून वाईट वाटतं. आधी दोनतीन फोटोंवर ट्राय करा, पाण्याचे शिंतोडे झूम करून बघा, चौकोन चौकोन होऊन फुटत नसतील तर मग सगळे फोटो लावा.