शोषखड्डा का तुंबतो? या चुका टाळा

जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर. त्यातलं बहुतेक मोरीतून पुन्हा बाहेर पडतं, आणि ते जिरवायची सोय नसेल तर रस्त्यावर डबकं ठरलेलंच. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवणारे खड्डे, घेऊन हा प्रश्न सोडवला. तो नमुना पाहून पुष्कळ गावांनी खड्डे खणले, पण दोन पावसाळ्यांत ते तुंबले, कारण खड्ड्यातल्या गाळाच्या टाकीकडे पुन्हा कोणी पाहिलंच नाही.

चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मधोमध सिमेंटची टाकी, भोवती दगड. या टाकीची छिद्रं वरच्या भागात असायला हवीत. गाळ तळाशी बसतो आणि वरचं निवळ पाणी दगडांत जातं. गवंडी सवयीने तळाशी छिद्रं पाडतात. मग गाळ थेट दगडांत शिरतो. दुसरी चूक भरावाची. दगडांऐवजी विटांचे तुकडे, वाळू किंवा मुरूम टाकला की फटी बुजतात. दगडांवर गोणपाट किंवा जाड कागद न अंथरता माती लोटली, तरी तेच होतं.

स्वयंपाकघराचं पाणी सगळ्यात त्रासदायक. खरकटं, तेलकटपणा, भांड्यांची राख. मोरीच्या तोंडाशी जाळी आणि पुढे छोटी कुंडी हवीच. पागोळ्यांचं पाणी तर खड्ड्यात अजिबात सोडू नका.

खड्डा तुंबलाच, तर लगेच नवा खणू नका. आधी टाकीचं झाकण उघडून गाळ काढा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं, तर दगड बाहेर काढून धुवा, उन्हात वाळवा, खड्ड्याच्या भिंती इंचभर खरवडा आणि पुन्हा भरा. तरीही पाणी हटत नसेल, तर दोष जमिनीचा आहे. काळी माती फुगली की पाणी पीत नाही, आणि खाली कातळ असेल तर पाणी जाणार कुठे? म्हणून खणण्याआधीच फूटभर खोल खळगा पाण्याने भरून बघावा. एकदा जिरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्यांदा पाणी तसंच साचून राहिलं, तर तिथे शोषखड्ड्याचा हट्ट सोडा. केळी, अळू, कर्दळ लावा आणि पाणी तिकडे वळवा.

शौचालयाचं पाणी या खड्ड्यात कधीच नको. सेप्टिक टँकचा पाइप उघड्या गटारात सोडणं म्हणजे शेजारच्या लेकरांच्या पायाशी रोगराई सोडणं; हे मला फार लागतं. दोन खड्ड्यांच्या शौचालयात एका वेळी एकच खड्डा चालू ठेवा, तळाला सिमेंट करू नका, विहिरीपासून किमान दहा मीटर अंतर राखा. भरलेला खड्डा बंद करून दोन वर्षं तसाच राहू द्या.

वस्ती दाट असेल, अंगण नसेल, तर बंदिस्त गटार आणि गावाबाहेर स्थिरीकरण तळं, म्हणजे सांडपाणी साठवून नैसर्गिकरीत्या निवळू देणारं तळं, हाच मार्ग. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद आहे. गाव आराखड्यात काम घालून ती मागता येते. तळ्यातला गाळ काढायचा खर्च मात्र ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात दरवर्षी वेगळा धरा.