सिडनीच्या बंदरातले तलाव: आधी भरती बघा, मग गुण द्या

सिडनी बंदराच्या काठचे पोहण्याचे तलाव एकेक करून पालथे घालायचे असतील, तर पत्त्याआधी भरतीची वेळ बघा. बाल्मेनचं डॉन फ्रेझर बाथ्स किंवा डबल बेजवळचं मरे रोझ पूल, इथलं पाणी समुद्राबरोबर चढतं-उतरतं. इथल्या भरती-ओहोटीत दीड-दोन मीटरपर्यंत फरक पडतो. ओहोटीला गेलात तर गुडघाभर पाणी, पायाखाली चिखल, आणि तुम्ही बिचाऱ्या तलावाला पाचपैकी दोन गुण देऊन मोकळे! मी एकावर असाच अन्याय केला होता. भरतीला परत गेलो, तर शिडीच्या खालच्या पायऱ्या पार पाण्याखाली आणि तळ हिरवट, स्वच्छ दिसत होता.

भरतीच्या आधी तासभर पोचा. आज जी वेळ, ती उद्या साधारण ५० मिनिटं पुढे. कोकणातल्यांना सांगायला नकोच: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी. कालनिर्णय इथेही चालतं.

मोठा पाऊस झाला की मात्र तीन दिवस बंदरात उतरू नका. गटारांचं सगळं पाणी तिथेच येतं. समुद्राकडच्या किनाऱ्यांना एक दिवस पुरतो, बंदराला नाही.

पायात रबरी बूट हवेतच. पायऱ्यांना, खांबांना चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात. आणि जाळीच्या आतच पोहा, बंदरात बुल शार्क असतात.