हयातीचा दाखला आणि गोड आवाजाचा फोन

पेन्शन चालू राहावी म्हणून आपण जिवंत असल्याचा, म्हणजे हयातीचा, दाखला द्यायचा असतो; म्हणून नोव्हेंबर लागला की पेन्शनरांचे फोन वाजू लागतात. मागच्या वर्षी आमच्या अण्णांना आला. बाईंनी पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक, निवृत्तीची तारीख, सगळं स्वतःच सांगितलं. "काका, हयातीचा दाखला घरबसल्या करून देते, फक्त ओटीपी सांगा." अण्णा चष्मा शोधायला उठले म्हणून वाचले, तेवढ्यात फोन मी घेतला.

समोरच्याला तुमची माहिती ठाऊक आहे म्हणून तो खात्यातलाच, असं धरू नका. हयातीचा दाखला असा कुणाच्या फोनवर ओटीपी सांगून होत नाही. बँकेत जा, पोस्टमनला घरी बोलवा, नाहीतर नातवाला शेजारी बसवून सरकारच्या जीवन प्रमाण अ‍ॅपवर चेहरा दाखवा. त्यातही ओटीपी येतो, पण तो आपणच आपल्या हाताने भरायचा.

कुणी पोलीस असल्याचं सांगून, तुम्हाला फोनवरच "डिजिटल अटक" केली म्हणून दरडावलं तर फोन ठेवा, कायद्यात तसलं काही नाही. आपल्या पिढीला बोलणं मध्येच तोडणं उद्धटपणाचं वाटतं, तिथेच गोची होते. पैसे गेलेच तर पोरं रागावतील म्हणून लपवू नका. आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३० लावा, लगेच बँकेला कळवा. अण्णांच्या फोनच्या पाठीवर मी हा नंबर स्केचपेनने लिहून चिकटवलाय, चष्म्याशिवाय दिसेल एवढा मोठा.