ताप आला, जेवण तुटलं, तरी शुगर चढली: मधुमेहींनी फ्लू-सर्दीचे दिवस कसे काढावेत

ग्लुकोमीटर, स्ट्रिप्स, कीटोनच्या (चरबी जळताना तयार होणाऱ्या आम्लांच्या) पट्ट्या आणि ऑक्सिमीटर घरात आहेत असं धरून चालतो. नसतील तर धडधाकट असतानाच आणून ठेवा.

१. कणकण जाणवली की दर चार तासांनी शुगर मोजा, रात्रीसुद्धा. आकडा, वेळ, ताप आणि घेतलेलं इन्सुलिन कागदावर लिहा. आधी हात धुवा. फळ सोललेल्या बोटावर मीटर भलताच आकडा दाखवतं. फ्लूची शंका असेल तर डॉक्टरांना लगेच फोन करा, कारण त्याचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त लागू पडतं.

२. दर तासाला पेलाभर पाणी. हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असेल तर किती प्यायचं ते विचारून घ्या.

३. इन्सुलिन. लोक घसरतात ते इथे, आणि मीही घसरलोय.

“जेवला नाहीस ना? मग इन्सुलिन कशाला घेतोस, शुगर खाली जाईल.” हा सल्ला मला इतक्या जणांनी दिलाय की आता ऐकला तरी डोकं उठतं. एकदा मात्र तो मी मानला. फ्लूचा दुसरा दिवस, घशाखाली सूपसुद्धा उतरत नव्हतं. रात्रीचं, दिवसभर पुरणारं इन्सुलिन टाळलं आणि मोठं शहाणपण केल्यासारखा झोपलो. पहाटे जीभ टाळूला चिकटलेली, तासाभरात तिसऱ्यांदा लघवीला उठलेला. मीटरवर ३९८. कीटोनची पट्टी बघता बघता जांभळी झाली. पोटात अन्नाचा कण नाही, मग साखर आली कुठून?

यकृतातून. संसर्गाशी झुंजताना शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन ही संप्रेरकं सोडतं. ती यकृताला रक्तात साखर ओतायला लावतात आणि वर इन्सुलिनची मात्राही नीट चालू देत नाहीत. म्हणजे आजारपणात उपाशी माणसालाही कधी कधी नेहमीपेक्षा जास्त इन्सुलिन लागतं. ते कमी पडलं की शरीर चरबी जाळतं आणि कीटोन साचतात. शिवाय चढलेली शुगर आजाराच्याच पथ्यावर पडते: पांढऱ्या पेशी सुस्तावतात, श्वासमार्गाच्या ओलाव्यातही साखर वाढते, त्यावर जिवाणू पोसतात आणि साध्या फ्लूमागून न्यूमोनिया येऊ शकतो. २००९ च्या स्वाइन फ्लूत आणि २०२० च्या करोनात मधुमेहींना जास्त त्रास झाला, त्यामागे हेही एक कारण होतं.

तेव्हा दिवसभर पुरणारं इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. जेवणाआधीचं इन्सुलिन किती कमी-जास्त करायचं, याचा तक्ता डॉक्टरांकडून बरे असतानाच लिहून घ्या. तापाच्या भरात हिशेब जमत नाही. शुगर २४० च्या वर गेली की कीटोन तपासा. जेवण जात नसेल तर दर तीन-चार तासांनी ४५ ते ५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं काहीतरी प्या: दूध, फळाचा रस, वेळ पडली तर साखर घातलेलं पेयसुद्धा. हो, मधुमेहींनीच!

गोळ्यांची गोष्ट वेगळी. उलट्या-जुलाब होत असतील किंवा खाणंपिणं थांबलं असेल तर मेटफॉर्मिन आणि ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं त्या गोळ्या बहुतेकदा थांबवाव्या लागतात. त्याच दिवशी फोन करून विचारा. ग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी शुगर चांगली दिसली तरी कीटोन तपासावेत, ते तेव्हाही चढू शकतात. ग्लिमेपिराइडचं उलट: खाल्लं नाही तर शुगर धाडकन उतरते.

४. नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्या शुगर चढवतात. स्टिरॉइड तर चढवतंच. ते लिहून दिलं तर इन्सुलिनचं काय करायचं ते तिथेच विचारा. खोकल्याच्या औषधातल्या चमचाभर साखरेची धास्ती मात्र उगाच घेतली जाते.

५. रक्तातले कीटोन १.५ मिलीमोल प्रति लिटरच्या वर, न थांबणाऱ्या उलट्या, ऑक्सिजन ९४ च्या खाली, गुंगी: यांपैकी काहीही दिसलं तर घरी थांबू नका. धाप लागली की सगळे छातीकडे बोट दाखवतात. पण श्वास खोल आणि जोरात चालला असेल, तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत असेल, तर ते कीटोनचं काम असू शकतं. ऑक्सिमीटर ९८ दाखवत असला तरी हॉस्पिटलला निघा, आणि तो आकड्यांचा कागद सोबत घ्या.