दवाखान्यातली मारहाण रोखायचं प्रशिक्षण देताय? या चुका टाळा

दीड तासाचं भाषण, पडद्यावर इंग्रजी स्लाइड्स, शेवटी चहा-बिस्किट आणि प्रमाणपत्र. सांगली-मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, आणि अशा प्रशिक्षणांनाही नाही. रात्री दोनला कॅज्युअल्टीत नातेवाईक अंगावर धावून आला की त्यातलं काही आठवत नाही.

चूक सभागृहातच दिसते. खुर्च्यांवर डॉक्टर आणि इनचार्ज सिस्टर. चिडलेला माणूस मात्र आधी भेटतो गेटवरच्या वॉचमनला, केसपेपरच्या खिडकीला, वॉर्डातल्या मामा-मावशींना. ‘ए, बाहेर हो’ म्हटलं, का ‘पाव्हणं, जरा बाकावर बसा, सिस्टर येऊन सांगतील’ म्हटलं, यावर पुढचा अर्धा तास ठरतो. त्यांना पुढच्या रांगेत बसवा. मिरजेला कर्नाटकातूनही पेशंट येतात, तेव्हा पाळीवर कन्नड येणारं कोण आहे हे आधीच माहीत हवं.

सगळ्यात महागात पडते ती दुसरीच गोष्ट: आरडाओरडा करणारा प्रत्येक पेशंट दादागिरी करतोय असं धरणं. तासगाव भागात द्राक्षबागांची फवारणी असते, विषबाधेच्या केसेस नवीन नाहीत. ऑर्गनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशकाच्या विषावर अ‍ॅट्रोपिन हे औषध चालू असतं आणि मात्रा जास्त झाली की माणूस बरळतो, हवेतलं काहीतरी वेचतो, सलाइन उपसतो. तिथं वॉचमनच्या आधी डॉक्टरला हाक मारा. डोस तपासायची ती खूण आहे. रोज पिणारा माणूस पाय मोडून दाखल होतो आणि दारू तुटल्यावर दोन-तीन दिवसांनी तोच वॉर्ड डोक्यावर घेतो. साखर उतरलेला, ऑक्सिजन कमी पडलेला, डोक्याला मार लागलेला, हे सगळे असेच वागू शकतात. म्हणून प्रशिक्षणात आधी ग्लुकोमीटर आणि पल्स ऑक्सिमीटर, मग बाकीचं. आणि नातेवाईकांना आधीच सांगून ठेवा: ‘औषधानं बडबडायला लागले तर घाबरू नका, लगेच आम्हाला हाक मारा.’ हे न सांगितल्यामुळंच ‘इंजेक्शननं वेड लावलं’ असं म्हणत गर्दी जमते.

कराटेवर वेळ घालवू नका. दोन हात अंतर, समोरासमोर न उभं राहता जरा तिरकं, तळवे दिसतील असे, आणि दार नेहमी आपल्या पाठीशी. गळ्यातला स्टेथोस्कोप काढून खिशात, तो पकडायला फार सोपा असतो. बोलायचं एकानंच; पाच जण समजावायला लागले की हुज्जत वाढते. आणि सराव वॉर्डातच, रात्रपाळीला, जितकी माणसं खरोखर असतात तितक्यांतच करा.

मृत्यूची बातमी सगळ्यात नवख्या इंटर्नला व्हरांड्यात सांगायला पाठवणं ही तर खोडच आहे. वरिष्ठांनी सांगावं, बसवून, खोलीत, सोबत एक जण घेऊन. ‘ते गेले’ असं स्पष्ट म्हणावं. आधीचे चार तास ‘प्रयत्न चालू आहेत’ एवढंच सांगितलं असेल तर स्फोट तिथंच ठरलेला असतो. प्रकृती ढासळत गेली तसं दर तासाला कुणीतरी सांगायला हवं होतं.

कायद्याचं काय? महाराष्ट्राचा 2010 चा कायदा खासगी दवाखान्यांनाही लागू आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. पण भांडण चालू असताना कलम ऐकवलं की समोरचा आणखी पेटतो. कायदा नंतर वापरायचा. मार खाल्लेल्या सिस्टरला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवू नका, तक्रार संस्थेनं द्यावी. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रानं आपल्या रुग्णालयांना अशी तक्रार (एफआयआर) देण्यासाठी घटनेपासून सहा तासांची मुदत घालून दिली. तीच आपणही पाळायला हरकत नाही.

एवढं करूनही प्रकार थांबत नसतील तर शिवीगाळीचीसुद्धा नोंद ठेवा: वेळ, जागा, कारण. नोंदी भेटीच्या वेळेत साठत असतील तर पास-पद्धत बदला. केसपेपरच्या रांगेत साठत असतील तर तिथं दुसरी खिडकी उघडा.