नळाला पाणी येतं त्या दिवशी घर लावा

घर आवरायचं ते रविवारी, असं पुष्कळ जण धरून चालतात. सोलापुरात मला ते कधी जमलं नाही. आमच्या पेठेत नळाला चार दिवसांआड पाणी येतं, कधी पहाटे, कधी रात्री अकराला. म्हणून मी घराचं सगळं काम नळाला बांधून घेतलंय. दोन खोल्या आणि सहा माणसं, तरी दुपारी दार उघडून आत आलं की जिवाला बरं वाटतं.

पाण्याच्या आदल्या दिवशी तिन्ही पिंपं वापरून तळाला आणायची. पाणी आलंच नाही तर म्हणून पिण्याची एक कळशी बाजूला ठेवायची. तळाच्या पाण्यात शहाबादी फरशी आणि उंबरा धुऊन निघतो. मग पिंप नुसतं विसळून उलटं घालू नका, आतून काथ्याने कडेकडेने घासा. डेंग्यूचा डास पाण्याच्या जरा वर, ओलसर कडेला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास तयार. दर पाचव्या दिवशी घासलं तर त्याला तेवढी सवडच मिळत नाही. माझ्या धाकट्याला डेंग्यू झाला, त्या वर्षापासून मी हे एकदाही चुकवलेलं नाही.

पाणी आलं की आधी पिण्याचं, मग पिंपं, मग मोठं धुणं. धुण्यात आमच्याकडे चादरीच जास्त.

लहान घरात खरा पसारा असतो तो अंथरुणांचा. प्रत्येकाची चादर वेगळ्या रंगाची ठेवा, म्हणजे "माझी कुठाय" हा रोजचा रात्रीचा आरडाओरडा थांबतो. सोलापुरी चादरीला दोन्ही बाजूंनी तीच नक्षी असते, फक्त रंग उलटे. त्याचा मी उपयोग करते: धुतलेली चादर गडद बाजू वर करून घडी घालायची, आठवड्याने फिकी बाजू वर. फिक्या बाजूचाही आठवडा झाला की पुढच्या पाण्याला ती धुण्यात. कोणती कधी धुतली हे कुणाला विचारावं लागत नाही. नवी चादर पहिल्या दोन-तीन वेळा एकटीच, गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. सकाळी सगळ्या घड्या लोखंडी पेटीवर रचायच्या, जड खाली, बंद कडा बाहेरच्या बाजूला. एवढ्यानेच खोली अर्धी आवरलेली दिसते.

टॉवेलचं आमचे हे सांगतात, वीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात आहेत. कपडे मऊ करायचं औषध टॉवेलला लावायचं नाही, मग तो पाणी टिपत नाही. धाग्याचा फेरा निघून लोंबायला लागला तर ओढायचा नाही, कात्रीने कापायचा. आणि माणशी एक खिळा, ओला टॉवेल दुसऱ्याच्या खिळ्यावर जाणार नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा सकाळी नऊच्या आत खिडक्या लावून पडदे ओढून घ्या आणि दिवस मावळल्यावरच उघडा. धूळही कमी येते.

स्वयंपाकघरात माझा एकच नियम आहे: रोज लागणारं कंबरेच्या उंचीवर. शेंगा चटणीची बरणी आणि कडक भाकरीचा डबा शेजारी-शेजारी.

मात्र एक कोपरा आवरायचा नाही. आमच्याकडे तो सासूबाईंच्या खाटेजवळचा आहे. पानाचा डबा, जपमाळ, कालचा पेपर, चष्मा, अर्धवट झालेली गोधडी. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी तो मोठ्या हौसेने लावला. त्या दिवसभर चष्मा शोधत राहिल्या, मला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि संध्याकाळी न वाचताच पेपर घडी घालून ठेवला. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून तिथे मी फक्त खाटेखालून केरसुणी फिरवते. घरात जो सगळ्यात जास्त वेळ असतो, त्याच्या हाताशी काय हवं ते त्यालाच ठरवू द्या.

मुलांसाठी एक टोपली ठेवा, दुसरी आणू नका. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेहून येताना नवं खेळणं येतंच. ते टोपलीत मावेना झालं की जुन्यातलं कोणतं काढायचं, ते मुलांनीच निवडायचं. यंदा मुलीने चाक निघालेली गाडी ठेवली आणि चांगली बाहुली शेजारच्या पोरीला नेऊन दिली.