मधुमेह, मनावरचा ताण आणि हिरड्या: या चुका टाळा

बाबांच्या आजारपणात आईची साखर वाढली, तेव्हा आम्ही तिच्या गोळ्या पाहिल्या, पथ्य पाहिलं. तिच्या तोंडात काय चाललंय, हे कुणीच पाहिलं नाही. थुंकीत रक्त दिसतं म्हणून तिने ब्रश केव्हाच सोडला होता आणि ती बोटाने मिश्री लावत होती.

पहिली चूक तीच. रक्त येतं ते बहुतेकदा हिरडीच्या कडेला साचलेल्या जंतूंच्या थरामुळे. घासणं थांबवलं की थर वाढतो आणि सूजही. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, दोन मिनिटं, दोन वेळा घासा. आणि मिश्री हा भाजलेला तंबाखूच आहे. जिवाला बरं वाटतं म्हणून लावायची नि हिरड्या घालवायच्या, असं होतं ते.

दुसरी चूक म्हणजे साखर आणि दात यांची खाती वेगळी ठेवणं. ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं, त्याने साखर चढते आणि जंतूंशी झुंजायची ताकदही घटते. सुजलेल्या हिरड्या उलट साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. हिरड्यांवर नीट उपचार झाल्यावर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, थोडा खाली येतो, असं अभ्यासांत दिसलं आहे.

तोंडाला कोरड पडते म्हणून आई रात्री पेपरमिंट चघळायची. लाळ कमी असताना तोंडातली साखर धुतली जात नाही, दात लवकर किडतात. त्यापेक्षा उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही कोरड पडते. त्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

झोपेत दात खाल्ले की आपल्याकडे जंतांचं औषध देतात. मोठ्या माणसाची सकाळी कानशिलं ठणकत असतील, जबडा आखडत असेल, तर मनावरच्या ओझ्याची चौकशी करा.

दंतवैद्याला मधुमेह असल्याचं आणि सगळ्या गोळ्यांची नावं सांगा. फक्त तेवढीच जागा बधिर करून दात काढायचा असेल, तर उपाशी जाऊ नका.

आणि रिपोर्ट हातात घेऊन रागावू नका. "पुन्हा गोड खाल्लंस ना?" हे मी आईला किती वेळा म्हणाले! त्या धास्तीने तिने दाढ दुखत असल्याचं दोन महिने सांगितलंच नाही.